मराठीत दीर्घ लेखन साध्या मजकुरात ठेवायचे असेल तर खुणांची कोणती भाषा निवडावी?

उपवनकाठ (धागाकर्ता)

ठाण्यातील तलावांवर आम्ही काही रहिवासी मिळून एक माहितीपुस्तिका लिहीत आहोत. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर असे एकेका तलावाचे एकेक प्रकरण, शेवटी झाडांची व पक्ष्यांची कोष्टके आणि जागोजागी तळटिपा असा तिचा आराखडा आहे. लिहिणारे नऊ जण आहेत आणि आजवर सगळे काम वर्डच्या फाइलींतून चालले. गेल्या महिन्यात कचराळीच्या प्रकरणाच्या चार प्रती माझ्याकडे आल्या. त्यांपैकी दोन फाइलींच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द होता, दोन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या होत्या, आणि कोणती दुरुस्ती कोणी व का केली याचा माग काढण्यात माझे दोन रविवार गेले. तेव्हापासून हे सारे लेखन साध्या मजकुरात आणावे, गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल कोणी व कधी केला याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवावे आणि त्यातूनच संकेतस्थळ व छापील पुस्तिका दोन्ही काढाव्यात, असे मी मनाशी ठरवले आहे.

साधा मजकूर म्हणजे ज्या फाइलीत टंकलेल्या अक्षरांखेरीज दुसरे काहीच दडलेले नसते ती फाइल. शीर्षक कोणते, यादी कोणती, ठळक काय, हे सांगण्यासाठी त्या अक्षरांतच थोड्या ठरावीक खुणा घालायच्या आणि त्यांवरून एखाद्या साधनाकडून एचटीएमएल किंवा पीडीएफ करून घ्यायचे, एवढीच या भाषांची कल्पना आहे. मार्कडाउन, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, ॲस्कीडॉक, ऑर्ग-मोड, विकिपीडियावर वापरतात ती भाषा, या सगळ्या याच कुळातल्या. जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने २००४ साली मार्कडाउन प्रसिद्ध केले, तेव्हा रूपांतर न करताही ती फाइल जशीच्या तशी वाचता आली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आमच्या नऊ जणांपैकी पाच जणांनी प्रोग्रॅमिंगशी कधीही संबंध ठेवलेला नाही आणि त्यांना फाइल उघडताच आपले वाक्य ओळखता आले पाहिजे.

या भाषांच्या तुलना इंग्रजीत पुष्कळ वाचायला मिळतात. मात्र त्या वाचून माझे काम भागले नाही, कारण आपली लिपी, आपले अंक आणि शब्दाला चिकटून येणारे आपले प्रत्यय यांचा विचार त्यांत कोठेच नसतो. म्हणून कचराळीचे प्रकरण मी स्वतः मार्कडाउनमध्ये उतरवून पाहिले. पहिल्याच संध्याकाळी तीन अडचणी आल्या.

काठावरच्या झाडांची यादी मी ‘१.’, ‘२.’, ‘३.’ अशी लिहिली होती. तिची यादी झालीच नाही. वड, पिंपळ, करंज, बहावा हे सगळे एकाच परिच्छेदात सलग येऊन बसले. मार्कडाउनचा कॉमनमार्क नावाचा काटेकोर नियमसंच आहे. त्यात क्रमांकित यादीची खूण म्हणजे इंग्रजी अंकांतील आकडा आणि त्यापुढे टिंब किंवा बंद कंस, असे स्पष्ट नमूद आहे. देवनागरी अंक त्या व्याख्येत बसत नाहीत.

दुसरी अडचण अशी की, आमच्यातील एक ज्येष्ठ लेखक शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रत्येक परिच्छेद थोडी जागा सोडून सुरू करतात. त्यांनी चार मोकळ्या जागा सोडल्या की मार्कडाउन तो परिच्छेद संगणकाचा कोड समजते. त्यांचा सिद्धेश्वर तलावावरचा अतिशय सुंदर परिच्छेद राखाडी चौकटीत, न वळणाऱ्या एकाच लांबलचक ओळीत उमटला आणि त्यांना ते पाहून वाईट वाटले.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. मी ठळक करण्यासाठी ‘मासुंदा’ हा शब्द अवतरणचिन्हांसकट दोन-दोन तारकांत घातला, त्याला लागून ‘च्या’ लिहिले आणि शब्द ठळक होण्याऐवजी तारका तशाच छापल्या गेल्या. अवतरणचिन्ह नसेल तर सगळे सुरळीत होते. बंद होणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आले, तर त्या तारका बंद करणाऱ्या मानायच्या नाहीत, असा कॉमनमार्कचा नियम आहे. इंग्रजीत शब्दाला असे काही चिकटत नाही म्हणून तो तेथे क्वचितच नडतो. मराठीत मात्र ‘च्या’, ‘ला’, ‘मध्ये’, ‘वर’ हे पावलोपावली चिकटतात.

या अडचणी सांभाळून मार्कडाउनच ठेवावे की दुसरी भाषा घ्यावी, यावर अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

नौपाडाकर

मी तीस वर्षे अक्षरजुळणीचे काम केले, तेव्हा टिकाऊपणाबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

माझ्याकडे नव्वदच्या दशकातील दिवाळी अंक, स्मरणिका आणि पुस्तके यांच्या मूळ फाइली सीडींवर आहेत. पानजुळणीच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती पाने लावली ते आज चालत नाही, म्हणून त्या फाइली उघडत नाहीत. हे दुःख साध्या मजकुराने टळते, हे खरेच. परंतु त्यांच्यासोबत मी काही लेखांच्या साध्या मजकूर-फाइलीही ठेवल्या होत्या आणि त्या आज उघडतात तेव्हा त्यांत इंग्रजी अक्षरांची व उच्चारचिन्हांची निरर्थक माळ दिसते. कारण त्या काळच्या फाँटांमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट गेला की मजकूरही गेला. फाइल साध्या मजकुराची असूनही ती मला वाचवू शकली नाही. म्हणून ‘साधा मजकूर टिकतो’ हे वाक्य मराठीत अर्धेच खरे आहे. युनिकोडमधील साधा मजकूर टिकतो, असे ते पूर्ण करावे लागते.

युनिकोडमध्येही एक जागा सांभाळण्यासारखी आहे. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द तुमच्या पुस्तिकेत शेकडो वेळा येणार. त्यातील अर्धा ‘ऱ्’ दोन प्रकारे टंकता येतो : एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त असते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडणारे चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु शोधताना ते वेगळे शब्द ठरतात आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही एक होत नाहीत. नऊ जण वेगवेगळ्या कळफलकांवर लिहिणार असतील, तर एक पद्धत ठरवून दुसरीचे रूपांतर करणारी छोटी आज्ञा आधी लिहून ठेवा. वर्डच्या फाइलीतही ही अडचण असतेच. साध्या मजकुरात ती एका आज्ञेने सगळ्या प्रकरणांत एकदम दूर करता येते, हा त्याचा खरा लाभ.

पारसिक

धागाकर्त्यांनी अडचणी नेमक्या मांडल्या आहेत. मी ऐरोलीत नोकरी करतो आणि मार्कडाउन दिवसभर लिहितो, म्हणून त्याच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही बोलतो.

मार्कडाउनचे पहिले वर्णन सैल होते. यादीत यादी असेल तर किती जागा सोडायची, ठळक व तिरपे एकमेकांत अडकले तर काय करायचे, यांची उत्तरे त्यात नव्हती, त्यामुळे प्रत्येक साधनाने आपापले उत्तर ठरवले. कॉमनमार्कचे काम २०१४ साली पुढे आले ते हा गोंधळ निस्तरण्यासाठी. पॅनडॉक या रूपांतराच्या साधनाचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे त्यातील एक प्रमुख. गिटहबने आपल्या मार्कडाउनचे नियम २०१७ साली कॉमनमार्कवर आधारून प्रसिद्ध केले. तरीही ‘मार्कडाउन’ म्हणून जे चालते ते एक नाही. पायथॉनमधील प्रचलित मार्कडाउन साधनाला उपयादीसाठी चार जागा लागतात, कॉमनमार्कला साध्या डॅशच्या यादीत दोन पुरतात. तीच फाइल गिटहबवर नीट दिसते आणि संकेतस्थळावर उपयादी मुख्य यादीत मिसळून जाते. तळटिपा मूळ मार्कडाउनमध्ये नाहीत, कॉमनमार्कमध्येही नाहीत. त्या निरनिराळ्या विस्तारांत आहेत. उभ्या रेघांच्या नेहमीच्या कोष्टकांत दोन घरे जोडून एक करता येत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की, आधी भाषा निवडू नका, रूपांतराचे साधन निवडा आणि त्याची आवृत्ती लिहून ठेवा. तुम्ही ‘पॅनडॉकचे मार्कडाउन’ असे ठरवले तर तळटिपा, व्याख्यांच्या याद्या, आकृत्यांची शीर्षके हे सर्व मिळते. पीडीएफ काढताना त्याचे मूळ इंजिन देवनागरीवर अडते. झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडून मराठी फाँटचे नाव आणि लिपी देवनागरी आहे हे सांगावे लागते. एकदा एवढे केले की जोडाक्षरे निर्दोष उमटतात.

देवनागरी अंकांची अडचण मला मोठी वाटत नाही. फाइलीत इंग्रजी अंक लिहावेत आणि संकेतस्थळाच्या शैलीपत्रकात यादीचे अंक देवनागरी करावेत. सीएसएसमध्ये त्यासाठी तयार पर्याय आहे.

उपवनकाठ

पारसिक, अंकांविषयी तुमचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या मान्य आहे. तरीही माझ्या मनात एक प्रश्न राहतो. फाइल रूपांतराशिवाय वाचता यावी हाच या भाषेचा पहिला गुण असेल, तर मराठी वाचणाऱ्याला मराठी अंक दिसणे हा त्या गुणाचाच भाग नव्हे काय?

नौपाडाकर काका, ‘किनाऱ्यावर’ हा शब्द मी आत्ताच आमच्या पाच फाइलींत शोधला आणि तो निम्म्याच ठिकाणी सापडला. तुमचे आभार कसे मानू?

बेलापूर_खाडी

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा अनुभव कोणी लिहिलेला नाही म्हणून लिहिते. पायथॉनची अधिकृत दस्तऐवजे २००८ पासून याच भाषेत आहेत आणि लिनक्स कर्नलची दस्तऐवजेही पुढे याच भाषेत आली, तेव्हा मोठ्या ग्रंथासाठी तिची ताकद सिद्ध आहे. परस्परसंदर्भ, सूची, तळटिपा, कोष्टके हे सर्व तिच्यात पहिल्यापासून विचार करून बसवलेले आहे आणि स्फिंक्स हे साधन तुटलेले संदर्भ स्वतः दाखवून देते. मराठी लिहिताना मात्र ती तुमची कसोटी पाहते.

तिच्यात शीर्षकाच्या खाली डॅश किंवा बरोबरच्या चिन्हांची रेघ काढतात आणि ती रेघ निदान शीर्षकाइतकी लांब असावी लागते. ‘मासुंदा’ हे शीर्षक घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात : मा, सुं, दा. साधनाच्या मोजणीत काना, उकार, अनुस्वार हे स्वतंत्र धरले जातात आणि लांबी सात भरते. मी पहिल्यांदा तीन डॅश दिले, तेव्हा एवढ्या छोट्या रेघेला शीर्षक मानता येत नाही असे सांगून साधनाने त्या दोन्ही ओळी साधा मजकूर म्हणून छापल्या. पाच दिले, तर शीर्षक झाले पण इशारा आला. त्यानंतर मी मोजणेच सोडले आणि प्रत्येक शीर्षकाखाली भरपूर लांब रेघ देऊ लागले, ते चालते. कोष्टकांत हा उपाय चालत नाही, कारण तेथे उभ्या रेघा एकाखाली एक याव्या लागतात आणि मराठी मजकुरात त्या डोळ्यांना जुळलेल्या दिसल्या तरी साधनाला जुळलेल्या वाटत नाहीत. तेव्हा आखीव कोष्टक विसरून यादीच्या रूपात कोष्टक लिहिण्याची सोय वापरावी.

प्रत्ययांच्या बाबतीत ही भाषा सर्वांत कडक आहे. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवेच. ‘ठाणे’ ठळक करून ‘कर’ जोडायचे तर मध्ये बॅकस्लॅश आणि मोकळी जागा घालावी लागते. ती जागा छापताना नाहीशी होते, परंतु मूळ फाइल वाचताना डोळ्यांत खुपते.

आणखी एक, ज्याचा त्रास मला वर्षभरानंतर कळला. शीर्षकावरून साधन त्या विभागाचा पत्ता तयार करते आणि तसे करताना इंग्रजीबाहेरची अक्षरे गाळते. सगळी शीर्षके मराठीत असतील तर पत्त्यांत केवळ क्रमांक उरतात. मी एका वाचकाला ‘पाणपक्षी’ या विभागाचा दुवा पाठवला होता. नंतर वर एक नवा विभाग घातला आणि तोच दुवा ‘मासे’ या विभागावर जाऊ लागला. मार्कडाउनवर चालणाऱ्या एमकेडॉक्समध्येही मूळ मांडणीत असेच होते. प्रत्येक शीर्षकाला स्वतः नाव देणे हाच उपाय आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून करावा.

घंटाळी

मी मराठी विकिपीडियावर लिहिते. तो १ मे २००३ पासून आहे आणि तेथील खुणांची भाषा आपल्यासारख्या कितीतरी अतांत्रिक माणसांनी आत्मसात केली आहे, हे लक्षात घ्यावे. तिच्यात एक गोष्ट मला अतिशय आवडते. [[मुंबई]]तील असे लिहिले की ‘तील’ हा प्रत्ययही दुव्यातच सामावला जातो, कारण मराठीसाठी दुव्याच्या शेपटाचा नियम देवनागरी अक्षरे धरून केलेला आहे. कोणीतरी आपल्या भाषेचा विचार करून ती ओळ लिहिली, याचे मला आजही अप्रूप वाटते. अर्थात सामान्यरूप आले की हा नियम थांबतो. ‘ठाणे’चे ‘ठाण्यात’ होते, तेथे दुव्याचे नाव आणि दिसणारा शब्द दोन्ही वेगळे द्यावे लागतात.

पुस्तिकेसाठी ही भाषा मी सुचवणार नाही. तिचे साचे इतके गुंतागुंतीचे आहेत की विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीबाहेरच्या कोणत्याही साधनाला ती पूर्णपणे वाचता येत नाही, आणि साध्या मजकुराचे स्वातंत्र्य तेथेच संपते.

एक विनंती आहे. ठळक करायचे असेल तर प्रत्ययासकट अख्खा शब्द ठळक करा. ‘तलाव’ एवढेच ठळक करून पुढे काना जोडून ‘च्या’ लिहिले की तो काना तारकांपलीकडे एकटा पडतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. शब्दाचे असे दोन तुकडे करणे आपल्या लिपीला मानवत नाही.

पारसिक

घंटाळी ताईंच्या विनंतीला पूर्ण अनुमोदन. तिरप्या अक्षरांबद्दलही असेच म्हणावेसे वाटते. बहुतेक देवनागरी फाँटांना खरी तिरपी अक्षरे नसतात. ब्राउझर सरळ अक्षरेच कलती करतो आणि शिरोरेषेवरची वेलांटी भलतीकडे झुकते. मराठी छपाईत भर देण्यासाठी ठळक अक्षरे किंवा एकेरी अवतरणचिन्हे वापरण्याची रीत आहे. एक तारका म्हणजे तिरपे, ही मार्कडाउनची खूण आपण वापरूच नये. व्हॉट्सॲपवर एक तारका म्हणजे ठळक, त्यामुळे तेथून येणारे लेखक तशीही चूक करतातच.

ऐरोली_लोकल

मी दस्तऐवजलेखनाचे काम करते आणि या धाग्यातील गरज पाहता ॲस्कीडॉककडे बोट दाखवते. स्टुअर्ट रॅकहॅम यांनी २००२ साली ती तयार केली आणि आज तिचे ॲस्कीडॉक्टर हे साधन सर्वत्र वापरात आहे. गिटच्या आज्ञांची माहितीपाने याच भाषेत लिहिलेली आहेत.

धागाकर्त्यांच्या तीनपैकी दोन अडचणी तिच्यात कशा सुटतात ते पाहा. क्रमांकित यादीसाठी ओळीच्या आरंभी फक्त एक टिंब आणि मोकळी जागा द्यायची. अंक लिहायचाच नाही, त्यामुळे मराठी की इंग्रजी हा प्रश्नच उरत नाही. ठळक करण्याच्या दोन रीती मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत : सुट्या शब्दासाठी एक तारका आणि शब्दाच्या पोटात किंवा प्रत्ययाला लागून असेल तर दोन तारका. दोन तारका दिल्या की आजूबाजूला अवतरणचिन्ह आहे की अक्षर, हे साधन पाहतच नाही. ‘मासुंदा’च्या निर्विघ्न उमटते. कोष्टकांत घरे जोडता येतात, घरात यादी घालता येते. ओव्या, अभंग किंवा लोकगीत द्यायचे असेल तर पद्याची वेगळी चौकट आहे, तिच्यात ओळी तुम्ही लिहिल्या तशाच राहतात. मार्कडाउनमध्ये प्रत्येक चरणाच्या शेवटी दोन न दिसणाऱ्या मोकळ्या जागा किंवा बॅकस्लॅश द्यावा लागतो आणि तो विसरला की चारही चरण एका ओळीत येतात. शिवाय प्रत्येक तलावाची वेगळी फाइल ठेवून मुख्य फाइलीत ती समाविष्ट करण्याची सोय भाषेतच आहे.

परिच्छेदाच्या आरंभी जागा सोडण्याची सवय येथेही नडेल. ॲस्कीडॉक एका मोकळ्या जागेनेही परिच्छेद जसाच्या तसा चौकटीत घालते. त्या ज्येष्ठ लेखकांच्या फाइलींतील आरंभीच्या जागा काढून टाकणारी आज्ञा तुम्हाला चालवावीच लागेल, आणि ती सवय सुटेपर्यंत त्यांना ते सांगूही नये असे माझे मत आहे.

सर्वांत मोठा धोका शेवटी सांगते. ॲस्कीडॉक्टरचे थेट पीडीएफ करणारे साधन देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवत नाही; अक्षरे योग्य क्रमाने एकत्र आणण्याची क्रिया त्याच्या छपाई-ग्रंथालयात नाही. तेथे फसू नका. एचटीएमएल काढून ब्राउझरमधून छापावे, किंवा डॉकबुक नावाच्या मधल्या स्वरूपातील फाइल काढून ती पॅनडॉक व झीलाटेक यांच्याकडे द्यावे.

नौपाडाकर

सर्वांनी खुणांविषयी लिहिले, त्या उमटवायच्या कशा याविषयी कोणीच लिहिले नाही. माझ्या वयाची मंडळी आणि सरकारी टंकलेखन शिकलेली मंडळी इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहितात. त्यावर शिफ्ट धरून आठाची कळ दाबली तर तारका येत नाही, ‘श्र’ येतो. तिनाच्या कळेवर हॅशऐवजी ‘्र’ येतो, रफार नव्हे तर अक्षराच्या पायाशी लागणारा. चौकटी कंसाच्या जागी ‘ड’ आहे, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकार आहे, अंडरस्कोरच्या जागी विसर्ग आहे. म्हणजे मार्कडाउनचे शीर्षक द्यायला, शब्द ठळक करायला, दुवा जोडायला प्रत्येक वेळी कळफलक इंग्रजीत न्यायचा आणि परत आणायचा. दिवसात दोनशे वेळा हे करून पाहा, म्हणजे एखादा लेखक वर्ड का सोडत नाही ते कळेल.

डॅश आणि टिंब मात्र मराठीतच मिळतात. त्यामुळे डॅशची साधी यादी, ॲस्कीडॉकची टिंबाची यादी आणि बेलापूर_खाडी ताईंनी सांगितलेली डॅशच्या रेघेची शीर्षके, एवढे कळफलक न बदलता टंकता येते. मार्कडाउनमध्येही शीर्षकाखाली डॅशची रेघ दिली की दुसऱ्या पातळीचे शीर्षक होते, हे फार जणांना ठाऊक नाही. भाषा निवडताना हे वजनात धरावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. लेखकाच्या बोटांना जे सोसत नाही ते फार दिवस चालत नाही.

पारसिक

काका, हा मुद्दा माझ्या ध्यानात कधीच आला नव्हता, कारण मी रोमन अक्षरांवरून मराठी टंकतो. जॉन मॅकफार्लेन यांनी २०२२ साली जॉट नावाची नवी भाषा मांडली आहे. तिच्यात महिरपी कंस लावून खूण कोठे उघडते व कोठे बंद होते हे निःसंदिग्ध सांगता येते, त्यामुळे प्रत्ययाची अडचण मुळातच मिटते. पण तिलाही कंस लागणारच, आणि तिच्याभोवतीची साधने अजून थोडी आहेत. आज नऊ जणांचे पुस्तक तिच्यावर सोपवावे असे मी म्हणणार नाही.

उपवनकाठ

गेल्या आठवड्यात कचराळी आणि सिद्धेश्वर ही दोन प्रकरणे मी पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये आणि ॲस्कीडॉकमध्ये अशी दोन्ही प्रकारे पूर्ण करून पाहिली.

धावत्या गद्यात दोहोंत फारसा फरक नाही आणि तेथे मला मार्कडाउन अधिक शांत वाटले. डोळ्यांना खुणा कमी दिसतात. कोष्टके आली तशी बाजू बदलली. पक्ष्यांच्या कोष्टकात ‘हिवाळी पाहुणे’ हे एकच घर खालच्या सहा ओळींना लागू होते. मार्कडाउनच्या नेहमीच्या कोष्टकात ते सहा वेळा लिहावे लागले, ॲस्कीडॉकमध्ये एकदाच. ठळक शब्दांचे म्हणाल तर ॲस्कीडॉकमध्ये सगळ्यांनी नेहमी दोनच तारका द्याव्यात असा नियम केला आणि एकही चूक झाली नाही. ऐरोली_लोकल ताईंनी सावध केले होते तरी थेट पीडीएफ मी काढून पाहिलेच. ‘सिद्धेश्वर’मधील ‘द्धे’ फुटून हलन्तासह सुटे झाले होते आणि ‘सि’ची वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसली होती. डॉकबुकच्या वाटेने तेच पान निर्दोष आले आणि तळटिपाही पानाच्या तळाशी आल्या.

गिटमध्येही दोन गोष्टी कराव्या लागल्या. मराठी नावांच्या फाइली आधी तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दिसत होत्या. कोअर-कोटपाथ ही मांडणी बंद केल्यावर ‘कचराळी’ हे नाव कचराळी असे दिसू लागले. आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिण्याचा नियम केला. छापताना परिच्छेद सलगच येतो, पण दुरुस्ती कोणत्या वाक्यात झाली ते एका नजरेत कळते. ज्या कामासाठी माझे दोन रविवार गेले होते ते काल दहा मिनिटांत झाले.

म्हणून मूळ प्रत ॲस्कीडॉकमध्ये ठेवायचे ठरवले आहे. इनस्क्रिप्टवर लिहिणाऱ्या तिघांनी परिच्छेद, टिंबाची यादी आणि डॅशची यादी एवढेच वापरायचे. शीर्षके, तळटिपा आणि दुवे त्यांच्या फाइलीत मी घालीन. त्यांच्या हातून खुणा राहिल्या तरी वाक्य राहणार नाही.

बेलापूर_खाडी

निर्णय पटला. शीर्षकांच्या पत्त्यांचे काय केलेत?

उपवनकाठ

ॲस्कीडॉक्टर शीर्षकातील देवनागरी अक्षरे पत्त्यात तशीच ठेवते, तरी शीर्षक पुढे बदलले तर दुवा तुटेल म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले आहे. रायलादेवीची दोन शीर्षके तेवढी राहिली आहेत, ती आज रात्री करतो. नौपाडाकर काका, ‘ऱ्’चे रूपांतर करणारी आज्ञा सगळ्या फाइलींवर चालवली आहे; उद्या सिद्धेश्वरचे प्रकरण आपल्याकडे पाठवतो, त्यातील प्रत्येक ‘किनाऱ्यावर’ आपण एकदा तपासून द्यावा.